वाळूत राहिलेल्या चपला

मालवण, नोव्हेंबर २०१२

माय,

तुले संघदीपचा जयभीम. फोनवर तुले ऐकू येत नाही, म्हणून लिहून राहिलो. रश्मी वाचून दाखवील.

मी बरा आहो, पोटभर जेवतो. मी चालवतो ती गाडी म्हणजे चाकावरचं घरच आहे. पलंग, गॅस, नहाणी, सगळं आत. पुण्याचे साहेब, बाईसाहेब अन् त्यांची म्हातारी आई ती भाड्यानं घेऊन फिरून राहिले.

आता हसू नको. आत स्वयंपाक होते अन् हे चपला घालूनच फिरत. मले पाहवेना. म्हटलं, "चपला बाहेर काढा जी." त्यांनी ऐकलं. रात्री समुद्रकाठी मुक्काम केला, सकाळी तिथून गाडी हाकली अन् पुढच्या गावात उतरलो, तर सगळे अनवाणी. मीबी! साहेब लय बोलले. आजी मात्र हसत होत्या.

परत गेलो. वाळूत चपला तशाच, जोडीजोडीनं. बाजूची नारळवाली म्हणाली, "चपला दिसतात म्हणजे माणसं इथंच असतील, म्हणून कोणाला हात लावू दिला नाही."

मले आपलं दार आठवलं. बाबा गेल्यापासून तू त्यांच्या चपला दारात काऊन ठेवतेस, ते तू कधी बोलली नाहीस.

तुम्ही मायलेकी रात्री कडी लावता ना? रश्मी कामावरून अंधाराच्या आत येते ना?

पलंगाखाली माझ्या जुन्या चपला आहेत. त्या बाबांच्या चपलांजवळ ठेव. घरात दोन गडीमाणसं आहेत असं येणाऱ्याजाणाऱ्याले दिसू दे.

तुझा,
संघदीप