शर्यतीच्या शेवटी उभं राहणारं माणूस

प्रिय लिडिया,

काल नवापूरहून, तुझ्या घरून, शमुवेलभाऊंचा फोन आला. तुमच्या ओळखीतली एक नर्स सुट्टी संपवून मस्कतला परत निघाली आहे, तिच्याबरोबर ते तुला पार्सल पाठवतायत. तुम्हाला काही द्यायचं आहे का ताई, म्हणून विचारत होते. मी लोणच्याची बरणी काढली, आणि मग ती तशीच ठेवून लिहायला बसले. फोनवर आपलं काही बोलणं होत नाही. तू ड्यूटीवरून दमून आलेली, मी भाकरी टाकत असलेली, दोघीही बरं चाललंय म्हणतो आणि ठेवून देतो.

आपली शर्यत झाली. म्हणजे माझी झाली. तू मस्कतला जाऊन वर्ष होत आलं तरी 'आपली' म्हणायची सवय जात नाही. गोव्याचीच, लांब पल्ल्याची: समुद्रात पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. तयारी या वर्षी मी एकटीनेच केली. प्रकाशा गावच्या बॅरेजचं पाणी तेच, पण तू शेजारी हात मारत नसलीस की तापी फार रुंद वाटते. आमचे ललित पूर्वी ट्यूब घेऊन काठावर बसायचे, आपण दोघी दिसेनाशा झालो की हाका मारायचे. या वर्षी केळीची कटाई सुरू होती, त्यांना वेळ नव्हता. मी नारिंगी फुगा कमरेला बांधून उतरायचे. तळोद्याच्या रस्त्याने सायकल काढली की जीपवाले अजून विचारतात, मॅडम, ती नर्सबाई कुठे गेली? नंदुरबारला मिरची वाळत घातलेल्या पथाऱ्यांजवळ तुला शिंका सुरू झाल्या की आपल्याला सायकली थांबवाव्या लागायच्या, आठवतं? आता मी न थांबता पुढे जाते. वेळ वाचतो, पण त्याचा आनंद होत नाही.

शर्यत दिवाळीच्या सुट्टीत. तुला माहीतच आहे, गेली तीन वर्षं आमच्या घराची दिवाळीची सहल म्हणजे माझी शर्यत. सासूबाई, दोन्ही दीर, जावा, पोरं, सगळ्यांनी माझ्यासाठी उन्हात तासन्‌तास बसायचं, मी दोन मिनिटं समोरून गेले की टाळ्या वाजवायच्या आणि पुन्हा बसायचं. मागच्या वर्षी पुतणी म्हणाली होती, काकूसोबत गेलं की समुद्रावर जाऊनसुद्धा पाण्यात जाता येत नाही. सगळे हसले. मीही हसले.

या वर्षी ऑगस्टमध्येच द्वारका-सोमनाथ ठरलं. मला ललितनी सांगितलं ते मोटर सुरू करायला निघताना, चपला घालता घालता. "गाडी ठरी गयी. तू तुन्ही शर्यत कर, आम्ही द्वारका जाई येतस." रागाने नाही ग. अगदी सहज. नवराबायकोचं भांडण झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. मी बरेच दिवस वाट पाहिली की कोणीतरी म्हणेल, शर्यत राहू दे, आमच्याबरोबर चल. किंवा एखादा तरी म्हणेल, मी येतो तुझ्याबरोबर. दोन्हीपैकी काहीच कोणी म्हटलं नाही. माझी बॅग भरायला सगळ्यांनी मदत केली, जावेने दशम्या करून दिल्या. माझी सायकल ललितनी चाकं काढून जुन्या गोधडीत बांधली, सुरतेच्या गाडीत चढवून दिली आणि खाली उतरून हात हलवला. तिथून पुढे मडगावपर्यंत मी त्या गोधडीशेजारी बसून होते.

पोहणं चांगलं झालं. सायकलवर वारा समोरून होता, पाठ धरली. धावताना मात्र फार वाईट झालं. रस्ता तोच तोच, फेऱ्या मारायच्या, आणि प्रत्येक फेरीला दोरीपलीकडे माणसं आपापल्या माणसाचं नाव घेऊन ओरडतायत. कोणाच्या बायकोने पाटी धरलेली, कोणाचा बाप लंगडत बरोबर पळतोय. एका बाईने माझ्या छातीवरच्या कागदावर नाव वाचलं आणि ती ओरडली, "हेमांगी, चल, चल!" मी तिला ओळखत नाही. पण लिडिया, मी चौतीस कुटुंबांच्या गावात नांदते, शाळेत शंभर पोरांना गणित शिकवते, आणि त्या दिवशी माझं नाव घेणारी तेवढी एकटीच. मला रडू आलं, आणि रडताना धावता येत नाही, हे मला तेव्हा कळलं.

शेवटच्या रेषेवर माइकवाल्याने माझं नाव चुकीचं घेतलं. तिथल्या एका पोरीने गळ्यात पदक घातलं, फोटो कोणाबरोबर काढायचा म्हणून इकडेतिकडे पाहिलं, आणि मग माझा एकटीचाच काढला. ललितना फोन लावला, लागला नाही. फुटपाथवर बसून उरलेली दशमी खाल्ली. थोड्या वेळाने फोनवर फोटो आला: द्वारकेला गोमतीच्या घाटावर सगळे ओळीने उभे, केस ओले, हसतायत. मी तो फोटो बोटांनी मोठा करून पुन्हा पुन्हा पाहिला. माझी जागा कुठे रिकामी दिसते का, ते शोधत होते. नव्हती. छान, भरलेला फोटो होता.

मी त्यांच्या आधी घरी पोचले. किल्ली शेजारच्या दगूबाईंकडे होती. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवनी का?" शर्यतीबद्दल नाही. मला तेही पुरलं.

दुसऱ्या दिवशी मंडळी आली. सासूबाईंनी माझ्या हातावर प्रसाद ठेवला आणि पाय दुखतात का विचारलं. मग म्हणाल्या, "तठे तुन्हासंगे कोन व्हतं?" मी म्हटलं, कोणी नाही. त्या ओट्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "मंग माले काबर नही सांगं? द्वारका तं मी दोनदा जाई उनी शे." द्वारकेला त्या आधीच दोनदा जाऊन आल्या होत्या. खरंच, मी कोणाला विचारलंच नव्हतं. मी वाट पाहत होते, आणि कदाचित तेही माझ्या विचारण्याची वाट पाहत होते. ललित विहिरीवर सायकल नेऊन साखळीतलं समुद्राचं मीठ जुन्या ब्रशने घासत बसले. मी जाऊन पाणी ओतलं. तेवढ्यानं सगळं मिटलं असं नाही म्हणत. पण दोघं एका कामाला लागलो होतो.

आता हे सगळं तुला का लिहिते आहे. परवा तुझा मेसेज आला, फेब्रुवारीतल्या तिथल्या शर्यतीत तू नाव घातलंस म्हणून. शमुवेलभाऊंना तिकडे यायला सुट्टी नाही, पोरांच्या परीक्षा, म्हणून 'एकटीच धावेन, सवय झालीय' असं लिहिलंस आणि पुढे हसरा चेहरा टाकलास. महिन्याभरापूर्वी तो मेसेज मी वाचून सोडून दिला असता. आता नाही सोडता येत. म्हणून या वेळी घरात सगळ्यांसमोर मी विचारलं, माझ्याबरोबर मस्कतला कोण येतं. ललित म्हणाले, केळी सोडून निघणं जमणार नाही, पण तिकिटाचं मी बघतो. सासूबाई म्हणाल्या, "मी येस." पासपोर्टसाठी आज त्यांचा फोटो काढून आणला, डोक्यावरचा पदर मागे घ्यायला सांगितला म्हणून फोटोवाल्यावर रागावल्यात. त्यांचा पासपोर्ट वेळेत आला तर दोघी, नाहीतर मी एकटी, पण येते. मला धावायचं नाही. दोरीपलीकडे उभं राहून तुझं नाव घ्यायचं आहे. कुठल्या वळणावर उभी राहू, तेवढं कळव.

तुझीच,
हेमांगी