सारखा वाटा

अण्णा, तुमचा ट्रंपेटवाला गेला. कोकणात रेल्वे सुरू झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेला, म्हणजे जाऊन आता वर्षं झाली, पण तुम्हाला सांगायचं माझ्याच्याने झालं नाही. मेलेली माणसं वर एकमेकांना भेटतात म्हणे. मला काही तसं वाटत नाही. भेटत असाल तरी तो कसला सांगतोय. ट्रंपेट खाली ठेवलं की त्याच्या तोंडून शब्द निघायचा नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणून मी लिहायला बसले. चौथीतून मला तुम्हीच काढलीत, तेव्हा जोडाक्षरं चुकली तर बोलायचं काम नाही.

आज सकाळी सारासाठी कोकमाची सोलं भिजत घातली आणि हात तिथेच थांबला. पाण्याला तो लाल रंग यायला लागला की मला अजून पितळेचा वास येतो. पावसात लग्नं नसायची, मग बँडची सगळी वाद्यं ओल लागू नये म्हणून स्वयंपाकघरात यायची. चुलीमागे ट्रंपेटं, फळीवर क्लॅरिनेट, मोठा ढोल तांदळाच्या कणगीला टेकलेला. आई भाकऱ्या थापतेय, मी सोलांच्या पाण्याने नि राखेने पितळ घासतेय, आणि तो कोपऱ्यात बसून फुंकतोय. तुम्ही त्याला नुकताच आणलेला. आवाज निघतोय तो अडलेल्या म्हशीसारखा. शेजारची काकू विस्तव मागायला येते, म्हणते, हा कोण गो नवा? मी राख चोळता चोळता सांगते, आमचा गडी.

तुम्ही ओटीवर होतात. तिथून उठून आत आलात. मारलं असतंत तर बरं झालं असतं. काकूच्या समोर तुम्ही माझं मांडलेलं ताट बाजूला सारलंत, त्याला पाटावर बसवलंत, आणि आईला त्याला आधी वाढायला सांगितलंत. मग मला म्हणालात, "आपल्याकडे गडी कोणी नाय. वाजवतो तो वाटेकरी. वाटा सगळ्यांचा सारखा. तो शब्द या घरात परत काढायचा नाय." तो जेवला तेव्हा त्याचं उष्टं ताट मला उचलायला लावलंत. तो जमिनीकडे बघत होता, मी पण. त्या दिवसापासून मी तो शब्द काढला नाही. नारळ पाडायला येणाऱ्याला पण मी नारळवाला म्हणत आले, गडी नाही म्हटलं.

बाजारात लोक म्हणायचे, यांच्या बँडात मालकच नाही. तुम्हाला ते आवडायचं. मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू, मी मान ताठ करून चालायचे. लग्नघरची माणसं बँड ठरवायला नारळ-सुपारी घेऊन यायची. ती सुपारी तुम्ही हातात घ्यायचात, देवापुढे ठेवायचात, आणि लग्न वाजवून आलं की दुसऱ्या दिवशी घरापुढच्या खळ्यात सगळ्यांना बसवून अडकित्त्याने फोडून एकेक खांड प्रत्येकाच्या हातावर द्यायचात. ढोलवाल्याला जेवढं, झांजवाल्याला तेवढंच. तुमच्यामागे सुपारी माझ्या नवऱ्याच्या हातात आली. तो गेला, मग मुलाच्या. मुलाने कॅसिओ आणला, जनरेटर आणला, चाकांच्या गाड्यावर हे भलेमोठे स्पीकर चढवले. क्लॅरिनेट माळ्यावर गेलं. ट्रंपेट तेवढं राहिलं, कारण नवरी निघते तेव्हा बायकांना रडायला ते लागतं, कॅसिओवर रडू येत नाही.

जनरेटर आणला तेव्हा मुलाने एका विमा एजंटाला घरी बोलावलं. हडकुळा माणूस नि मोठी बॅग. कोकम सरबत दोनदा प्याला. खळ्यात सगळे वाजवणारे बसलेले. त्याने विचारलं, विमा कोणाच्या नावाने काढायचा, मालक कोण? सगळे हसले. ट्रंपेटवाला, जो कधी बोलत नाही, तो छाती काढून म्हणाला, मालक नाय, सगळे सारखे. एजंट म्हणाला, मग भागीदारीचा कागद करा, सगळ्यांच्या सह्या घ्या, वकिलाकडे जा. मी म्हटलं, आम्ही काय भांडायला बसलोय का वकिलाकडे जायला? सरबत झालं असेल तर निघा आता. तो बिचारा बॅग आवरत उठला. पायरीवर चप्पल घालताना म्हणाला, "आजी, काही झालं तर याच्या त्याच्या बायकापोरांनी कोणाकडे बघायचं, एवढंच विचारत होतो."

"आमच्याकडे बघतील," मी म्हटलं. "तुला काय करायचंय?"

हे मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, अण्णा. ट्रंपेटवाल्याच्या देखत.

मालगुंडचं लग्न होतं. उन्हाळा होता, तांबडी धूळ उडत होती, म्हणून नवरदेवाकडच्यांनी हौसेने वरातीच्या रस्त्यावर टँकरने पाणी मारलं होतं. माझ्या मुलाने सगळ्यांना गणवेशावर बूट घेतले होते, पण याच्या टाचांना भेगा, याला बूट सोसत नसत. दोन गाणी झाली की बूट काढून गाड्याच्या खाली ठेवायचा आणि अनवाणी वाजवायचा. मी त्याला नेहमी हसायचे, वर साहेब नि खाली माडावर चढणारा भंडारी. त्या दिवशी जनरेटरची वायर कुठे तरी सोलली होती. माइक त्याच्यापासून जरा लांब होता, तो जवळ ओढायला त्याने स्टँडच्या लोखंडी नळीला हात घातला. दुसऱ्या हातात ट्रंपेट, खाली ओली माती. मुलगा सांगतो, आधी वाटलं नाचतोय. लोक टाळ्या वाजवत होते.

त्याला आणला तेव्हा गणवेश अंगावरच होता. ओठाला ट्रंपेटच्या मुखाचा गोल वळ असायचा ना, लहानपणापासून पडलेला, तो तसाच होता. मी तेवढंच बघत बसले. मालगुंडची सुपारी देवापुढे होती ती तशीच राहिली. ती फोडायला कोणी बसलं नाही, आणि मी पण कोणाला बोलावलं नाही.

दिवसकार्याला मुलाने हात आखडला नाही. पण ट्रंपेटवाल्याच्या दोन मुली घरात, मोठी दहावीला, आणि बायकोला आमच्या ओटीवर येऊन मागणं जमेना. तिचा भाऊ मुंबईला असतो, त्याने वकील बघून भरपाईचा दावा लावला. दाव्यात मुलाचं नाव, आणि माझं सुद्धा, कारण वाद्यं, घर नि कातळाच्या सड्यावरची आंब्याची कलमं तुम्ही माझ्या नावावर करून गेलात. जाताना तेवढं दिलंत मला. ती कलमं विकल्याशिवाय भरपाई निघणार नव्हती, हे आम्हा दोघांना पहिल्या दिवशीच कळलं.

आमचा वकील चांगला हुशार. दाढी कुरवाळत म्हणाला, आजी, घाबरायचं नाही. तो नोकर होता असं ठरलं तर मालकाने भरपाई द्यायची. तो भागीदार होता असं ठरलं तर नुकसानही त्याचंच, कोण कोणाला देणार? शिवाय बूट त्याने स्वतःच काढले. तुमचे वडील काय म्हणायचे तेवढंच कोर्टात सांगा, सगळ्यांचा वाटा सारखा, मालक कोणी नाही. अख्खं गाव साक्षीला येईल. येताना गाडीत मुलगा म्हणाला, "आई, तुला खोटं थोडंच बोलायचंय? आजोबांचेच शब्द आहेत."

तुमचेच शब्द होते. ज्या शब्दांसाठी मी त्याचं ताट उचललं, तेच आता त्याच्या पोरींच्या पुढचं ताट ओढायला निघाले होते. मला तुमचा राग आला, अण्णा. मेलेल्या माणसाचा राग येतो तेव्हा तो ठेवायचा कुठे तेच कळत नाही.

तारखेच्या आधी मी त्याच्या बायकोकडे गेले. ती मला वन्सं म्हणते, तो मला बहीण मानायचा म्हणून. अंगणात मासळी सुकत घातलेली, ती कावळे हाकलत बसली होती. मला बघून पाट दिला नि परत कावळ्यांकडे बघायला लागली. तिचा वकील तिला सांगून गेला होता की तुझा नवरा गडीमाणूस होता असं उभं करावं लागेल. तिला ते नको होतं. म्हणाली, "वन्सं, त्यांना गडी म्हणू नका. ते सांगायचे, अण्णांनी आपल्याला पाटावर बसवून वाटेकरी केलंय. घरात कोणी पाहुणा आला की हेच सांगायचे. पैसे नाय मिळाले तरी चालतील."

"चालतील म्हणजे?" मी म्हटलं. "पोरी काय ट्रंपेट खाणार?"

ती रडली नाही. बांगडा उचलून उलटा केला, दुसरी बाजू सुकायला. म्हणाली, "माझ्याकडे त्यांचं दुसरं काय राहिलंय?"

मी एक कावळा हाकलला नि उठले. 

कोर्टात मला उभं केलं तेव्हा तोंड शाबूत होतं. तिचा वकील कोवळा पोरगा, कोटाची बाही मोठी झालेली. त्याने मला वाद्यांचं विचारलं, गाड्याचं विचारलं, आणि मग विचारलं, आजी, लग्नाची सुपारी कोण घ्यायचं? मी म्हटलं, आधी वडील, मग नवरा, आता मुलगा. आणि ट्रंपेटवाल्याने कधी घेतली?  नव्हती घेतली, अण्णा. इतकी वर्षं तो खळ्यात बसून आपलं खांड खायचा, पण आख्खी सुपारी त्याच्या हातावर कोणी ठेवली नाही. लग्न घ्यायचं की नाही, जनरेटर आणायचा की नाही, त्याला कोणी विचारलं नाही. वाटे सारखे करायच्या आधी तुम्ही वाद्यांचा म्हणून एक वाटा बाजूला काढायचात. ते बरोबरच होतं, वाद्यं तुमची होती. पण त्या वाट्यातून सड्यावर कलमं लागली. झांजवाल्याला कलमं नव्हती. ट्रंपेटवाल्याकडे मेला तेव्हा भाड्याची खोली होती. हे सगळं मला तिथे उभं राहून दिसलं. तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला ते खरंच वाटत होतं. मला पण वाटत होतं.

मागे त्याची बायको बसली होती. तिच्याकडे न बघता मी म्हटलं, "तो आमचा गडी होता. मालकीण मी."

आमच्या वकिलाने कपाळाला हात लावला. मुलगा उठून बाहेर गेला.

भरपाईपायी कलमं गेली. ज्याने घेतली त्याने कुंपण घातलंय, आता सड्यावर जायचं तर वळसा पडतो. मुलगा तो आख्खा आंब्याचा हंगाम माझ्याशी बोलला नाही, ताट पुढे सरकवलं की घ्यायचा, नको असलं की मागे सारायचा. आता बोलतो. बँडची नोंदणी केलीय त्याने, विमा काढलाय, वायरी दर वेळी तपासून घेतो, आणि बूट काढला तर त्या दिवशीचा पगार नाही असं सांगितलंय. हो, पगार. सगळे आता पगारी आहेत. मेले तर बायकोला घरी बसून पैसे मिळतील. बरं आहे ते, मी म्हणते बरंच आहे. पण लग्न वाजवून आले की गाडा लावतात नि आपापल्या घरी जातात. खळ्यात कोणी बसत नाही. सुपारी आता मुलगा खिशात टाकतो.

त्याच्या बायकोने पैसे घेतले. मोठी मुलगी नर्सिंगला गेली, धाकटी शिकतेय. वाटेत भेटली तर वन्सं म्हणते, पण थांबत नाही. आमची पायरी ती परत चढली नाही. मी जे केलं ते तिच्यासाठी केलं असं लोक म्हणतात. तिला कोणी विचारलं नाही.

मालगुंडची ती सुपारी अजून देवापुढे आहे. काळी पडलीय. फोडली तरी खाणार कोण, मला दात नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं तेही मला ठाऊक नाही, तेव्हा उद्या चुलीत जाईल. पण जायच्या आधी एक सांगते, कारण जिवंत माणसाला हे सांगता येत नाही. लहानपणापासून मी ते पितळ घासलं. गणवेश धुतले, इस्त्री केले, रात्रीअपरात्री आलेल्या तुमच्या सगळ्या वाटेकऱ्यांना पेज वाढली. त्या सारख्या वाट्यात माझा वाटा कधी नव्हता, आणि मला तो नाही हे तुमच्या कधी ध्यानातही आलं नाही. त्या दिवशी कोर्टातल्या टाइप करणाऱ्या बाईने मान वर न करता माझ्या नावापुढे मालकीण असं टाइप केलं. ट्रंपेटवाला मेलेला, त्याची बायको मागे मान खाली घालून बसलेली, पोटचा पोर उठून गेलेला. आणि अण्णा, मला बरं वाटलं.