बदलीवाल्याच्या चुका

आप्पा,

परवा माझ्या मित्राला फोन लावला आणि म्हणालो, "धीर धर, सगळं नीट होईल." तो पुण्याला मुलाकडे आहे. पोटात कॅन्सर निघालाय आणि डॉक्टरांनी आशा ठेवण्याजोगं फारसं काही सांगितलेलं नाही. तो म्हणाला, "अरे, हे सगळेच म्हणतात. तू तरी दुसरं काहीतरी बोल की." आख्खी नोकरी आम्ही एका शाळेत केली, एकमेकांचे डबे खाल्ले, आणि ऐन वेळेला माझी वाचाच बसली. फोन ठेवला आणि तुमची आठवण आली. तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, पण हे विचारायला दुसरं कोण आहे मला?

मिलमध्ये तुमच्या शेजारच्या मागावरचे काका आजारी पडले तेव्हा मी नुकताच शाळेत लागलो होतो. आई गेली होती, घरात आपण दोघंच. काका अक्कलकोटकडचे. घरी कानडी बोलायचे आणि मिलमध्ये तुमच्याशी मराठीत भांडायचे. त्यांना गळ्याचा कॅन्सर झाला. त्या काळी लोक रोगाचं नावसुद्धा घेत नसत, 'त्यांचं ते' म्हणायचे आणि त्यांच्या घरचं पाणी प्यायला कचरायचे. विजेचा शेक, म्हणजे रेडिएशन, देऊन आणल्यावर त्यांचा गळा काळा पडला होता आणि घास उतरत नव्हता. तुम्ही पहिल्या पाळीहून यायचात, हातपाय धुऊन ज्वारीची आंबील करायचात आणि फडक्यातून गाळून डब्यात भरायचात. मी सायकल मारायचो आणि तुम्ही मागं डबा सांभाळत बसायचात. चढावर मला दम लागला की म्हणायचात, "मास्तर झालास, पर पायात जोर न्हाय बग."

मला वाटायचं, तिथं गेल्यावर तुम्ही त्यांच्या हातावर हात ठेवाल, देवाचं नाव घ्याल. छे! उंबऱ्यातूनच तुमची तक्रार सुरू व्हायची. कायम कामगार आजारी पडला की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, त्याच्या मागावर बदलीवाला उभा करतो, तसा काकांच्या मागावर एक जण आला होता. त्याच्यावर तुम्ही तुटून पडायचात.

"तुज्या मागाची पार वाट लावली बग त्यानं. आज चालत्या मागातनं धोटाच उडाला की! टोकदार लाकूड ते, माज्या कानाजवळनं गेलं."

काका कोपर टेकून उठायचे. आवाज बसलेला, तरी डोळे मोठे व्हायचे. "ताण्याचं सूत ढिल्लं सोडलं आसंल. जॉबर काय झोपला होता काय?"

"जॉबर म्हनतो, मागाचा मालक येईपर्यंत आसंच चालायचं."

"येतो म्हनावं. गळा सुटू दे जरा, येतोच." मग ते तुम्हाला मागाचं एकेक समजावत बसायचे, आणि त्या बोलण्याच्या भरात अर्धा डबा आंबील पोटात जायची. काकू दाराआड उभ्या राहून बघत असायच्या.

यातलं एक अक्षर खरं नव्हतं. मिलच्या फाटकावर तुमची वाट बघताना मीच ऐकलं होतं, बदलीवाल्याचं कापड एकदम साफ निघतंय, जॉबर खूश आहे. परतीच्या वाटेवर मी तुम्हाला टोकलं. आजारी माणसाला असं फसवू नये वगैरे, शाळेत बोलतो तसं बोललो. तुम्ही मला सायकल थांबवायला लावलीत आणि खाली उतरलात. "मग जा, तू खरं सांग जा त्याला. सांग की माग झ्याक चाललाय, तुजी गरज न्हाय." एवढं बोलून तुम्ही पायीच घरी निघालात. मी सायकल हातात धरून तुमच्या मागं मागं आलो.

आणि मग तो रविवार. आपण बसलो होतो आणि बदलीवाला मोसंबी घेऊन दारात उभा! चांगला बापया माणूस, दोन पोरांचा बाप, काकांना भेटायला आलेला. त्याला काय ठाऊक आत काय वाढून ठेवलंय ते. काकांनी त्याला बसूसुद्धा दिलं नाही. "धोटा काय पतंग हाय व्हय रं उडवायला? मागाच्या फनीला हात लावायच्या आदी बगावं की न्हाय?" तो तोंड उघडायला गेला तर काका कानडीत कडाडले, "सुम्म कुंद्रू!" म्हणजे गप बस. तो बिचारा तुमच्याकडं बघतोय आणि तुम्ही आढ्याकडं. आता हा खरं बोलणार आणि काका आडवे होणार ते कायमचेच, असं मला वाटलं. पण त्यानं मान खाली घातली. "चुकलं की, काका. तुमी लवकर या. मला न्हाय जमत."

बाहेर आल्यावर तुम्ही त्याला चहा पाजलात. तो बशीत फुंकर घालत म्हणाला, "उद्या आनि काय बिगडवू, तेवढं आदी सांगून ठेवा." तुम्ही हसलात. हसता हसता उपरण्यानं डोळे पुसलेत आणि चहा फार गरम आहे म्हणालात.

काका संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेआधीच गेले. त्यानंतरही कितीतरी दिवस तुम्ही पाळीहून येऊन आंबील करायचात, गाळून घ्यायचात, आणि आपण दोघं ती प्यायचो. एकदा जेवताना म्हणालात, "आज त्या बदलीवाल्यानं..." आणि थांबलात. मी मान वर केली, तर तुम्ही भाकरी मोडत होतात.

काल मित्राला पुन्हा फोन केला. म्हटलं, तळ्याकाठी आपण दोघं रोज बसायचो त्या बाकावर दुसऱ्याच म्हाताऱ्यांनी ठाण मांडलंय, मोठमोठ्यानं बोलतात, शेंगांची टरफलं टाकतात, तू आल्याशिवाय काही हे हटायचे नाहीत. तो ऐकत होता. मग हसला, खोकला, आणि म्हणाला, "खोटं बोलतोयस. पण बोल." बाक रिकामाच असतो, आप्पा. संध्याकाळी मी एका टोकाला बसतो, जागा असून मधोमध बसवत नाही.

इतकी वर्षं मी समजत होतो की तुम्ही काकांना धीर द्यायला जायचात. काल त्या बाकावर बसून कळलं, आई गेल्यावर तुम्हाला बोलायला तेवढं एकच माणूस उरलं होतं. मी घरातच होतो, पण तुमच्या लेखी मी पोर.

उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला निघालोय. शेजारच्या बाईंना किल्ली देताना सांगितलं, मित्राला जरा बरं वाटेल म्हणून जातोय. त्या म्हणाल्या, "पुण्याचं काम करताय, सर." त्याला बरं वाटेल की नाही कुणास ठाऊक. मला इथं एकट्याला भीती वाटते, आप्पा.