सुईणबाईंच्या घराच्या तुळईचा चौथा नमुना न मागण्याबाबत

प्रति,
मा. पाहणी अधिकारी,
ऐतिहासिक वास्तू जतन कार्यालय

विषय: सुईणबाईंच्या घराच्या तुळईचा आणखी तुकडा न कापता घर राहू देण्याबाबत
संदर्भ: पाडकामाची नोटीस व नमुन्याबाबतचे आपले ताजे पत्र

महोदय,

सविनय कळविण्यात येते की, अर्जदार व्यवसायाने सुतार असून, दुसरे कोणी तयार न झाल्यामुळे, घर जतन समितीचा अध्यक्ष आहे. सदर घर गावातल्या पहिल्या सुईणबाईंचे. गल्लीतले निम्मे लोक, अर्जदारासह, त्याच्या मागच्या खोलीत जन्मले. त्या खोलीत आता सुईणबाईंची लेक राहते. तिला सगळे मावशी म्हणतात. तिला दुसरे घर नाही.

१. खोलीवरची तुळई कुजल्यामुळे समितीने ती बदलली. नवे लाकूड जुन्यात उठून दिसू नये म्हणून अर्जदाराने त्याला गंजाचे पाणी पाजून जुनाट काळपट केले आणि, हौस दांडगी असल्याने, बारीक गिरमिटाने किडीची भोकेही पाडली. रंगारी म्हणाला, "मिस्त्री, आता खुद्द किडीलाही फरक कळायचा नाही." अर्जदार त्या दिवशी फार खुश होता.

२. आपल्या निरीक्षकांनी ती भोके पाहून "तुळई किडलेली, घर धोकादायक, पाडावे" असा शेरा मारला. समितीने कार्यालयात येऊन भोके आपलीच असल्याचे कबूल केले. त्यावर उत्तर आले की, मग तुळई बनावट आहे व बनावट तुळईचे घर ऐतिहासिक ठरत नाही, सबब पाडावे. म्हणजे किडीने खाल्ली तरी पाडणार आणि नाही खाल्ली तरी पाडणार. अर्जदाराने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला, हे त्यास मान्य आहे.

३. पुढे, तुळई मजबूत ठरल्यास घर राहू शकेल असे सांगून, ते सिद्ध करण्यासाठी आपण नमुना मागितला. अर्जदाराने तुकडा कापून दिला. तो आपल्या कार्यालयात गहाळ झाला. दुसरा ओला असल्याचा शेरा आला, कारण तो पावसाळ्यात आपल्या खिडकीत ठेवला होता आणि ती खिडकी बंद होत नाही. तिसऱ्यावर मजबुतीचा दाखला मिळाला खरा, पण त्यावर तारीख घालायची राहिल्याने आपण चौथा मागितला आहे, व तो न दिल्यास महिनाअखेर घर पाडले जाईल असे कळविले आहे. दरम्यान, तीनदा कापलेल्या तुळईला टेकू द्यावा लागला असून तो मावशीच्या खाटेला खेटून उभा आहे. मावशी म्हणाली, "अरे, तू घर वाचवतोयस की थोडं थोडं करून नेतोयस?"

४. तरी विनंती की, आपण एकदा स्वतः यावे, तुळईवर हातोडा मारून आवाज ऐकावा आणि घर राहणार की नाही ते तिथेच, मावशीसमोर, सांगावे. नमुना हवाच असेल तर कार्यालयाने आपला माणूस व आपली करवत पाठवावी. अर्जदार थकला आहे. ज्या खोलीत तो जन्मला, तिच्या डोक्यावरचे लाकूड पुन्हा कापणे आता त्याच्याने होणार नाही.

कळावे,

आपला, अजूनही नम्र,
(सही)
सुतार, अध्यक्ष,
सुईणबाईंचे घर जतन समिती
दिनांक: १९ फेब्रुवारी

सोबत:
१. मजबुतीच्या दाखल्याची प्रत (विनातारीख)
२. नमुना जोडलेला नाही.