तळहातावरची वाळू

७ सप्टेंबर, तोक्यो

पुन्हा हात टेकला! सरावाच्या अकरा कुस्त्यांपैकी तीन अशाच गेल्या. कारण स्पष्ट आहे. आमच्या मंगोलियात गुडघा किंवा कोपर टेकले तर हार. तळहात टेकून सावरणे हे कसब मानतात. सुमोमध्ये तळपायांखेरीज काहीही जमिनीला लागले, की संपले. वडिलांनी सहाव्या वर्षी शिकवलेले शरीर विसरत नाही — एवढेच.

वस्तादांनी जेवताना सर्वांसमोर सुनावले: येत्या स्पर्धेत सातपैकी चार कुस्त्या जिंकायच्या, नाहीतर उलानबातरचे विमान. तालमीतला सर्वांत जुना गडी इवाशिरो भात वाढून घेत म्हणाला, “मास्तर, जमीन काही पळून जात नाही. सारखी चाचपता कशाला?” भौतिकशास्त्र शिकून आलो, म्हणून मी इथे ‘मास्तर’.

जाणार नाही. लिहून ठेवतो — जाणार नाही!

९ सप्टेंबर

उपाय सापडला. घरून आणलेले मेंढीच्या घोट्याचे हाड उजव्या मुठीत धरून पायांचे सर्व व्यायाम. पंजा उघडला की हाड पडते. लबाडीला जागाच नाही. पडताळाही सोपा: कुस्तीच्या आरंभी रिंगणातल्या वाळूला फक्त मुठी टेकतात. म्हणजे शेवटी तळहातावर वाळूचा कण दिसता कामा नये. किती सुंदर पुरावा!

१३ सप्टेंबर

हरलो. सरळ ढकलून रिंगणाबाहेर काढले. तळहात मात्र स्वच्छ.

२१ सप्टेंबर

तीन विजय, तीन पराभव. सहाही वेळा तळहात स्वच्छ! इवाशिरोने आज हाड मागून घेतले, बराच वेळ निरखले आणि ही मेंढी कोणत्या पायाने लंगडत होती, असे गंभीरपणे विचारले. एकच कुस्ती उरली. काढणारच.

२३ सप्टेंबर

प्रतिस्पर्धी रिंगणाबाहेर गेला. पंचाचा पंखा माझ्याकडे वळला. कडेला बसलेल्या परीक्षकांपैकी कुणीही हरकत घ्यायला हात वर केला नाही. चौथा विजय!

चौथऱ्यावरून खाली उतरून पंजा उघडला. वाळू.

वस्तादांना दाखवला. त्यांनी मान फिरवली.

“कुणी पाहिलं नाही. हात धू.”

“मी पाहिलं, वस्ताद.”

२४ सप्टेंबर

फलकावर चार आहेत. माझ्याकडे तीन. हाड इवाशिरोला दिले, पिशवी भरली. मला कुणी पाठवत नाही — मीच निघालो आहे.