जावयासाठी नदीवरची एक जागा

३ मार्च
मोहीम सुरू. महिनाअखेर जावई येतोय. त्याला गळ टाकून बसायचं वेड. नदीवरची फर्स्टक्लास जागा शोधून त्याला दाखवायची. जावई खूश तर लेक खूश, लेक खूश तर तिची आई खूश. ही लेकीकडे हवापालटाला गेलीय. थंडीच्या आधी गेली, एवढंच.

५ मार्च
पहिली जागा, पुलाखाली. शेवटच्या स्टॉपवर उतरायचं, बर्फाच्या कारखान्यामागची गल्ली, मग पायऱ्या. पायऱ्यांवर शेवाळ. पडलो नाही, नुसता बसलो. मासा नाही. वर एवढी ट्रॅफिक, मासे वैतागून गेले असणार. जागा कॅन्सल.

९ मार्च, सकाळी
दुसरी जागा, पंपहाऊसच्या कुंपणामागे. वॉचमन सोडेना. म्हटलं, मी सीनियर सिटिझन आहे. म्हणाला, मग तर नाहीच, बुडालात तर माझी नोकरी जाईल. शेवटी लक्ष ठेवायला स्वतःच शेजारी बसला आणि बायकोचं कौतुक सांगत सुटला. एवढ्या बडबडीत कुठला मासा येतोय. तुमच्या मिसेस, असं त्याने विचारलं. म्हटलं, घरी आहेत. कुणाच्या घरी, ते त्याने विचारलं नाही.

१४ मार्च
लेकीला फोन केला. आई आंघोळीला गेलीय म्हणाली. संध्याकाळी परत केला. परत आंघोळीलाच. तिकडे उकाडा फार दिसतोय.

१८ मार्च
सापडली. बाजारातून वीटभट्टीपर्यंत रिक्षा, पुढे बांधावरून चालत, नदी वळते तिथे. पाणी संथ, वर झाडाची सावली, बसायला सपाट दगड. बोटाएवढा मासा लागला. सोडून दिला. म्हणजे तो आपणहून सुटला, पण मी सोडणारच होतो.
हिलाही जागा आवडेल. जाताना म्हणाली होती, तुमच्यासोबत राहून एकटं वाटतं. माणसांची हौस आहे तिला. लेकीकडे भागत असेल.

३१ मार्च, रात्री
जावई टेम्पो घेऊन आला. म्हटलं, गळाचं सामान बरंच दिसतंय. सामान काहीच नव्हतं. नदीवर नेलं, तिथे माझ्याच गळाने त्याने दोन मासे काढले. जागा छान आहे म्हणाला. मग पाण्याकडे बघत म्हणाला, बाबा, आईंना त्यांचं शिलाई मशीन हवंय. त्यांनी आमच्या जवळच खोली घेतलीय. शिवणाचे क्लास काढतायत.
किती दिवसांचा कोर्स, मी विचारलं. तो गळ गुंडाळायला लागला.
मशीन भलतंच जड. दोघांनी मिळून टेम्पोत चढवलं. हादरे बसू नयेत म्हणून खाली माझी गादी घातली. तेल घालायचं विसरू नको म्हणावं तिला, मी सांगितलं. त्याने मान डोलावली.

१ एप्रिल
मशीन नीट पोचलं का, विचारायला फोन केला. आज फोन हिनेच घेतला. पोचलं म्हणाली. लाइन कट होईल म्हणून मी घाईघाईने नदीचा रस्ता सांगितला. रिक्षा, वीटभट्टी, बांध, सगळं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बांधावरून जपून जात जा म्हणाली, आणि फोन ठेवला.
येणार नाही, असं काही म्हणाली नाही.