गामच्या सात झाडांवरील नोटीस व तामणावरील किडीची जात

प्रति,
मा. वनस्पती संरक्षण अधिकारी,
तालुका कृषी केंद्र, मुर्योंग

विषय : कीड चुकीची ओळखून कुमगोकवाल्या आजींची गामफळांची (पर्सिमनची) सात झाडे तोडण्याची काढलेली नोटीस रद्द करणेबाबत.
संदर्भ : आपले दि. ४ नोव्हेंबरचे पत्र. माझी तीन पत्रे, उत्तर नाही.
सोबत : काचपट्ट्या अडुसष्ट; पेंढा एक मूठ, बंद बाटलीत.

महोदय,

१. गुक घराण्याच्या जुन्या मंडपाकडे जाणाऱ्या वाटेवरील तामणाच्या सालीतून काढलेली मादी दोन मिलिमीटर भरली. ती पांढऱ्या, नमद्यासारख्या (दाबलेल्या लोकरीसारख्या) दाट पिशवीत स्वतःला कोंडून घेते. सुईने दाबल्यास गुलाबी पाणी येते. हिला नमदा-खवलेकीड म्हणतात. आपल्या अहवालात हिचे नाव 'पिठ्या ढेकूण' असे आहे. वनस्पती तपासणी प्रयोगशाळेत एकतीस वर्षे काम केल्यावर मला इतकेच म्हणता येते की अहवाल लिहिणाऱ्याने दोन्हींपैकी एकही पाहिलेली नाही.

२. आजींच्या गामच्या झाडांवरही नमदा-खवलेकीड आहे. ती या भागात माझ्या जन्माआधीपासून आहे आणि तिने आजवर एकही झाड मारलेले नाही. तामणावरच्या चौतीस व गामवरच्या चौतीस माद्या मी काचपट्टीवर घेतल्या. पाठीवरील काट्यांचा आकार आणि मांडणी दोन्हींत वेगळी आहे. कूळ एक, जाती दोन. एका झाडावरची जात दुसऱ्यावर एकदाही सापडली नाही. त्यामुळे गाम तोडून तामण वाचेल, या आपल्या म्हणण्याला आधार नाही. सूक्ष्मदर्शक आपल्या कार्यालयात आहे. मी गेले तेव्हा त्याच्यावर टोप्या टांगलेल्या होत्या.

३. आपले सहायक श्री. प्यो यांनी पाहणी मोबाइलच्या कॅमेऱ्याने, कुंपणाबाहेरून केली. आजी ओसरीवर गामची फळे सोलून सुकायला दोरीला बांधत होत्या. श्री. प्यो म्हणाले, "आजी, इथंही पांढरं, तिथंही पांढरं. त्यात काय बघायचंय? सही करा, माझं जेवण राहिलंय." मी जात विचारली तेव्हा म्हणाले, "बाई, मारायचीच आहे ना? मग नाव कशाला हवं?"

४. श्री. प्यो यांनी झाडांच्या शेंड्यावर राहिलेली तीन-तीन फळे मोजून 'मालकिणीचा निष्काळजीपणा' असा शेरा मारला आहे. ते याच तालुक्यात जन्मले आहेत. शेंड्यावरची फळे पाखरांसाठी ठेवतात हे त्यांच्या आईने त्यांना सांगितले नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.

५. आता कीड पसरली कशी ते. थंडीसाठी तामणाच्या खोडांना आपण पेंढा गुंडाळता. मार्चमध्ये तो सोडून जाळायचा असतो, कारण किडी त्यातच हिवाळा काढतात. गेल्या वर्षी तो जाळला नाही. "इतका चांगला पेंढा" म्हणून गुंडाळ्या करून मंडपामागच्या खोलीत रचला, आणि गेल्याच नोव्हेंबरात तोच पेंढा वाटेवरच्या चाळीसही तामणांना बांधला. त्याआधी कीड फक्त मंडपाच्या दरवाजाजवळच्या दोन नव्या तामणाच्या रोपांवर होती. ती रोपे आपल्याच कार्यालयाने आणली होती. सोबतच्या बाटलीतील पेंढ्यात अंडी आहेत. मोजावीत. मोजता येत नसतील तर मला बोलवावे.

६. नोटिशीत लिहिले आहे की 'मालकिणीने हरकत घेतली नाही, सबब संमती समजण्यात आली'. याबद्दल मला अधिक लिहावे लागत आहे.

आजी एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्या गुकांच्या सून. त्यांना कोणी नावाने हाक मारीत नाही. माहेर कुमगोक, त्या गावावरूनच हाक मारतात. तामणावरची कीड आजींच्या गामवरून आली, ही तक्रार त्यांच्या थोरल्या दिरांनी, मंडपाचे कारभारी गुक सांग-बे यांनी केली आहे, आणि या घरात थोरल्या दिरासमोर सून बोलत नाही. हे आपणांस ठाऊक होते. तरीही तिन्ही सुनावण्यांत आपण त्यांना दिरांच्या शेजारी बसवून विचारले, आणि तिन्ही वेळा त्यांच्या गप्प बसण्याला होकार म्हणून लिहून घेतले. झाडे तोडण्याची तारीख पंचवीस नोव्हेंबर आहे. ही झाडे त्यांच्या सासूबाईंनी लावली. नवऱ्याच्या श्राद्धाला लागणारी सुकी फळे त्या यांचीच ठेवतात.

काल गावच्या सभागृहात चौथी सुनावणी झाली. आपण आला नाहीत. श्री. प्यो यांनी लेखी संमतीचा कागद पुढे केला. कारभारी म्हणाले, "कुमगोकवाल्या बाई, टाका सही. झाडं काय, परत लावू." एरवी वाकून बसणाऱ्या आजींनी पेन घेतले, टोपण लावले, आणि श्री. प्यो यांच्या खिशाला अडकवले. मग दिरांकडे वळल्या. सरपंच, बावीस माणसे आणि मी हजर होतो. त्यांचे शब्द आहेत तसे नोंदवते. आपल्या दप्तरात हेच घ्यावे :

"भाऊजी, साठ वर्षं मी या घरात गप्प बसले. झाडं मी देत नाही."

आपल्या उत्तरासाठी न थांबता,
आपली नम्र,
बांग ये-रान
मुर्योंग, १९ नोव्हेंबर